शंभरात पंच्याऐंशी, पण भाकरी कुठाय?

शाळेतल्या नातवाला शंभरात ८५ गुण मिळाले की घरात पेढे येतात. पक्षाघातातून उठलेल्या आजींना ८५ गुण मिळाले, तर मुलगा-सून खूश होणारच. हॉस्पिटलमधून मिळालेला कागद मुलगा कौतुकाने पुढे धरतो, "बघ आई, डिस्टिंक्शन मिळवलंस!" आजी चष्मा न लावताच विचारतात, "ह्यात भाकरी कुठाय?"

उदाहरणादाखल घेतलेले हे घर भोपाळमधले आहे असे समजा. माणसे मूळची सोलापूरकडची. मुलाच्या नोकरीमुळे वीस वर्षांपूर्वी इकडे आली. आजी चौसष्ट वर्षांच्या. तीन महिन्यांपूर्वी सकाळी दात घासताना उजवा हात-पाय लुळा पडला आणि तोंड वाकडे झाले. वेळेवर हॉस्पिटल गाठले, जीव वाचला. आता त्या काठी घेऊन घरात चालतात, डाव्या हाताने चमच्याने जेवतात, कमोडवर एकट्या जाऊन येतात. आंघोळीला मात्र सून लागते, साडी नेसताना मदत लागते आणि जिन्यावर कुणीतरी सोबत हवे. डॉक्टर समाधानी आहेत. आजी नाहीत. अशी घरे शोधायला फार लांब जावे लागत नाही. फक्त भाकरीच्या जागी कुठे शिवणयंत्र असते, कुठे देवपूजा, कुठे स्कूटर.

मग ते ८५ गुण खोटे आहेत का? मुळीच नाहीत. ते कशाचे आहेत एवढेच समजून घ्यायला हवे.

अमेरिकेतील मेरीलँड राज्यात डॉ. फ्लॉरेन्स माहोनी आणि फिजिओथेरपिस्ट डोरोथिया बार्थेल या दोघींनी १९६५ साली एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. ‘बार्थेल इंडेक्स’ या नावाने ती आज जगभर वापरली जाते आणि आपल्याकडच्या हॉस्पिटलांतही दिसते. तिच्यात रोजची दहा कामे आहेत : जेवणे, आंघोळ, तोंड धुणे-केस विंचरणे, कपडे घालणे, शौचावर ताबा, लघवीवर ताबा, संडासला जाणे, बिछान्यातून खुर्चीत येणे, चालणे आणि जिना चढणे. स्वतःचे स्वतः जमले तर पूर्ण गुण, मदत लागली तर कमी, जमलेच नाही तर शून्य. आजींचे आंघोळीचे ५ गेले, कपड्यांचे १० पैकी ५ गेले, जिन्याचेही ५ गेले. उरले ८५. हिशेब चोख आहे.

या मोजपट्टीमुळे रुग्णाला घरी सोडता येईल का, दिवसरात्र माणूस ठेवावा लागेल का, हे दोन मिनिटांत कळते. पण जिला पूर्ण शंभर गुण मिळाले ती व्यक्ती स्वयंपाक करू शकेल, घर चालवू शकेल किंवा एकटी राहू शकेल असा याचा अर्थ नव्हे, हे खुद्द माहोनी आणि बार्थेल यांनीच तेव्हा स्पष्ट केले होते. तिला सतत सोबतीला माणूस लागणार नाही, एवढेच शंभर गुण सांगतात. तेव्हा आजींचा प्रश्न बरोबर होता. भाकरी त्या कागदावर नव्हतीच.

शिवाय साहेबांच्या देशात तयार झालेल्या मोजपट्टीत साहेबांच्या घरातल्या सवयी असणारच. जेवणाच्या रकान्यात अन्न कापणे आणि लोणी लावणे आहे. जमिनीवर मांडी घालून बसणे नाही, उकिडवे बसणे नाही, नऊवारी तर नाहीच नाही.

ज्याचे त्याचे माप

यावर एक तोडगा निघाला तो पुनर्वसनाच्या क्षेत्रात नव्हे, तर मानसोपचारात. अमेरिकेतल्याच मिनेसोटा राज्यात थॉमस किरेसुक आणि रॉबर्ट शर्मन यांच्यापुढे प्रश्न होता मानसिक आरोग्य केंद्रांचे काम मोजायचे कसे, हा. एकाला झोप येत नाही, दुसऱ्याला नोकरी टिकवता येत नाही, तिसरी घराबाहेर पडायला घाबरते. या तिघांना एकच प्रश्नपत्रिका देऊन काय उपयोग? १९६८ साली त्यांनी मांडलेली पद्धत अगदी साधी होती. प्रश्नपत्रिका ज्याची त्याची वेगळी, गुण द्यायची रीत मात्र सगळ्यांना एक. इंग्रजीत तिला ‘गोल अटेनमेंट स्केलिंग’ म्हणतात. मराठीत ‘उद्दिष्टपूर्तीची मोजणी’ म्हणता येईल. पुढे पुनर्वसनाच्या क्षेत्राने ती उचलली. पक्षाघाताचे, मेंदूला मार बसलेले, हात-पाय गमावलेले रुग्ण आणि सेरेब्रल पाल्सीची मुले अशा अनेकांसाठी ती वापरली जाते.

रीत अशी. उपचार सुरू करण्यापूर्वी रुग्णाशी बोलून दोन-चार उद्दिष्टे ठरवायची. प्रत्येकाची मुदत ठरवायची, समजा बारा आठवडे. मग मुदतीअखेर काय काय होऊ शकते याच्या पाच पायऱ्या आधीच लिहून ठेवायच्या. अपेक्षेइतके जमले तर शून्य. अपेक्षेपेक्षा थोडे जास्त म्हणजे अधिक एक, पुष्कळच जास्त म्हणजे अधिक दोन. थोडे कमी पडले तर उणे एक, फारच कमी तर उणे दोन. इथे शून्य म्हणजे नापास नव्हे, ठरवले ते झाले. शाळेच्या गुणांची सवय झालेल्या आपल्या घरांना हे पचायला जरा वेळ लागतो.

आता भोपाळच्या आजींकडे वळू. फिजिओथेरपिस्टबाई आठवड्यातून तीनदा घरी येतात. त्यांनी एके दिवशी व्यायाम बाजूला ठेवून विचारले, "अम्माजी, आप क्या करना चाहती हैं?" आजींनी तोंड उघडण्यापूर्वीच मुलगा म्हणाला, "नीट चालायला लागली की झालं." सून म्हणाली, "आंघोळ स्वतःची स्वतः करता आली तर बरं." दोघांचेही चूक नव्हते. मुलाला आई पडेल याची धास्ती होती. सुनेची रोज सकाळची नऊची बस चुकत होती. शेवटी आजींना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "भाकरी."

बाईंनी वहीत लिहिले : रोटी बनाना. इथे सुनेने त्यांना थांबवले ते फार बरे केले. कारण पोळी लाटायची असते आणि भाकरी थापायची. लाटण्याला दोन्ही हातांच्या मुठी चालतात. भाकरीला उघडा तळहात लागतो. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून ते गरम पाण्यात तळहाताने रेटून रेटून मळावे लागते. मग परातीत गोळा ठेवून बोटे पसरून थापत थापत तो फिरवायचा, कडा फाटू द्यायच्या नाहीत, दोन्ही हातांवर अलगद उचलून तव्यावर टाकायची, वरून पाण्याचा हात फिरवायचा. पक्षाघातानंतर हाताची नेमकी हीच गोष्ट अवघड होऊन बसते. बोटे आत वळतात, मनगट खाली वाकते, मूठ उघडायला मागत नाही. म्हणजे ‘रोटी’ लिहिले असते तर व्यायाम वेगळा झाला असता आणि तीन महिन्यांनी मोजणीही भलत्याच गोष्टीची झाली असती.

मग सगळ्यांनी बसून पाच पायऱ्या लिहिल्या.

उणे दोन : उजव्या हाताने परातसुद्धा धरता येत नाही.
उणे एक (आजची स्थिती) : उजवा हात परात दाबून धरतो, मळण्याचे सगळे काम डावा हात करतो.
शून्य : स्टुलावर बसून, ओट्यावर परात ठेवून, एका भाकरीचे पीठ दोन्ही हातांनी मळता येते. थापणे आणि भाजणे दुसऱ्याने.
अधिक एक : पीठ मळून एक भाकरी थापता येते. तव्यावर सून टाकते.
अधिक दोन : सून शेजारी उभी असताना मळण्यापासून भाजण्यापर्यंत एक भाकरी स्वतः करता येते.

वाचणाऱ्याला वाटेल, बारा आठवड्यांनी नुसते पीठ मळणे हीच अपेक्षा? आजींनाही तसेच वाटले. त्या रुसल्या. पण पक्षाघातानंतर शरीराची सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत वेगाने होते आणि मग वेग मंदावतो. सरावाने पुढेही कमाई होत राहते, पण ती कष्टाची असते. शून्याची पायरी म्हणजे रुग्णाची इच्छा नव्हे आणि डॉक्टरांचे आश्वासनही नव्हे. या माणसाच्या बाबतीत, एवढ्या मुदतीत, एवढ्या उपचारांनी जे बहुधा होईल ते शून्यावर लिहायचे. इच्छा अधिक दोनवर लिहिली जाते, पण लिहिली जाते हे महत्त्वाचे.

‘हातात ताकद येईल’, ‘आत्मविश्वास वाढेल’ अशी उद्दिष्टे या वहीत चालत नाहीत. ताकद आली की नाही यावर मुलगा आणि बाई यांचे दुमत होईल. पीठ मळले की नाही यावर होणार नाही. दोन वेगळ्या माणसांनी एकाच वेळी पाहून एकच आकडा दिला पाहिजे, ही इथली कसोटी.

सुनेची आंघोळ आणि मुलाचा जिना हीसुद्धा उद्दिष्टे म्हणून त्याच वहीत गेली. ते योग्यच झाले. घर एकट्या आजींचे नाही. पण पहिल्या पानावर भाकरी राहिली.

आकडा कसा वाचावा

ज्यांना गणिताची आवड आहे त्यांच्यासाठी : किरेसुक-शर्मन यांनी सगळ्या उद्दिष्टांचा मिळून एक आकडा काढायचे सूत्रही दिले आहे. एखादे उद्दिष्ट जास्त महत्त्वाचे असेल तर त्याला जास्त वजन देता येते. सगळी उद्दिष्टे अपेक्षेइतकी साधली तर आकडा बरोबर ५० येतो. सारख्या वजनाची तीन उद्दिष्टे सुरुवातीला उणे एकवर असतील तर आकडा साधारण ३६ असतो. म्हणजे प्रवास ३६ पासून ५० पर्यंतचा. शंभर गाठायचे नसतातच.

या पद्धतीत लबाडीला वाव आहे, हे मात्र लपवण्यात अर्थ नाही. पेपर काढणारा आणि तपासणारा एकच असेल तर सोपे पेपर निघतात. एखाद्या केंद्रातले सगळेच रुग्ण कायम ५० च्या बरेच वर असतील, तर तिथले उपचार अद्भुत आहेत असे न समजता उद्दिष्टे फार सोपी ठेवली जात आहेत का, हे पाहावे. सगळेच ५० च्या खाली असतील तर अपेक्षा भलत्या ठेवल्या जात आहेत. म्हणून शेवटची तपासणी शक्यतो उपचार न करणाऱ्या व्यक्तीने करावी असे सुचवले जाते. काही संख्याशास्त्रज्ञांचा आणखी एक आक्षेप आहे. उणे एकवरून शून्यावर येणे आणि शून्यावरून अधिक एकवर जाणे ही अंतरे सारखीच कशावरून? तसे पाहिले तर पीठ मळणे आणि भाकरी थापणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. कोणीही सुगरण हे सांगेल.

याच वाटेने जाणारी आणखी दोन साधने कॅनडातून आली. एका साधनात रुग्ण आपल्याला अडणारी कामे सांगतो आणि प्रत्येकाला १ ते १० मध्ये दोन आकडे देतो : काम किती जमते आणि त्यात समाधान किती. त्यात दोन आकड्यांची वाढ झाली तर ती दखल घेण्याजोगी मानतात. दुसरे याहूनही सुटसुटीत, १९९५ साली प्रसिद्ध झालेले. अडणारी तीन ते पाच कामे सांगायची आणि ० ते १० मध्ये आकडा द्यायचा. गुडघेदुखी, पाठदुखीच्या रुग्णांसाठी फिजिओथेरपिस्ट ते वापरतात. समाधानाचा आकडा वेगळा विचारण्यात मोठे शहाणपण आहे. काम जमते आहे आणि समाधान नाही, असे रुग्ण पुष्कळ असतात. त्यांना ‘आता काय रडताय, चालताय ना?’ असे ऐकावे लागते.

खरे तर रुग्णाला काय करायचे आहे ते आधी विचारावे, हे भारताला परदेशातून शिकायची गरज नव्हती. जयपूरच्या सवाई मानसिंग हॉस्पिटलमधले अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस जे पाऊल घडवले, त्याच्यामागे हाच प्रश्न होता. परदेशी धर्तीचे कृत्रिम पाय लावलेले रुग्ण वैद्यकीय दृष्टीने ‘चालते’ झाले होते. पण तो पाय बुटात घालूनच वापरायचा. अनवाणी शेतात जाता येत नव्हते, चिखलात उतरता येत नव्हते, उकिडवे बसता येत नव्हते, मांडी घालता येत नव्हती. रुग्ण पाय कोपऱ्यात ठेवून पुन्हा कुबड्या घेत. रबर, लाकूड वापरून बनवलेला जयपूर फूट या सगळ्या गोष्टी करू देतो, आणि म्हणून तो लोकांनी स्वीकारला. १९८१ साली डॉ. सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी अपघातानंतर पाय गमावलेली नर्तकी सुधा चंद्रन पुढे याच पायावर रंगमंचावर परतली. कुठल्या मोजपट्टीत ‘भरतनाट्यम’ असा रकाना होता?

आधी विचारा कुणाला?

आपल्या घरांत रुग्णाच्या वतीने बोलणारे पुष्कळ असतात. डॉक्टरांच्या खोलीत चार माणसे शिरतात आणि ज्याला त्रास आहे तो भिंतीकडे बघत बसतो. पक्षाघातात वाचा गेली असेल तर मग विचारायलाच नको. पण बोलता येत नाही म्हणजे समजत नाही असे नव्हे. पुष्कळ रुग्णांना चित्रे दाखवून विचारता येते. स्वयंपाकघर, देवघर, बाजार, बाग यांची चित्रे किंवा घरातलेच फोटो पुढे ठेवायचे आणि बोट दाखवायला सांगायचे. एकावेळी दोनच ठेवावीत, उत्तरासाठी थांबावे. हे थांबणेच घरच्यांना जड जाते.

मागितलेले सगळेच मिळेल असे नाही, हेही रुग्णाला सांगायला हवे. काहींचा हात परत कामाचा होत नाही. तेव्हा उद्दिष्ट मोडीत न काढता वाट बदलता येते. परातीखाली ओले फडके घातले तर ती सरकत नाही आणि एका हातानेही बरेच काम होते. वेल्लोरच्या डॉ. मेरी वर्गीस १९५४ साली मोटार अपघातात कमरेखाली लुळ्या झाल्या. त्यांना शस्त्रक्रिया करायच्या होत्या. पायांवर उभे राहणे जमणार नव्हते. मग त्यांनी चाकांच्या खुर्चीत बसून कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या, कारण हाताची शस्त्रक्रिया बसून करता येते. पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील पुनर्वसन विभाग त्यांनीच उभा केला.

एक सावधगिरीची सूचना. पक्षाघाताच्या हाताची संवेदना पुष्कळदा कमी झालेली असते. चटका बसला तरी कळत नाही. तवा, चहाचे भांडे, आंघोळीचे पाणी हे आधी चांगल्या हाताने पाहावे. भोपाळच्या वहीत अधिक दोनच्या पायरीवरही सून शेजारी उभी आहे ती याचसाठी.

घरच्यांनी नोंद ठेवायला वेगळी वही आणलीच पाहिजे असे नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाचा हिशेब लिहितात त्याच चौकोनात एक आकडा लिहिता येतो. पण रोज लिहू नये. रोजचे चढउतार फसवे असतात. रात्री झोप लागली नाही, थंडी पडली, पाहुणे येऊन गेले, की हात आखडतो. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, शक्यतो त्याच वेळी, त्याच परातीत पाहावे. कोणी किती मदत केली ते लिहावे. ‘छान’ किंवा ‘बरे’ लिहू नये. शेजारच्या काकांना सहा आठवड्यांत गाडी चालवता येऊ लागली, ही नोंद तर कुठेच करू नये.

बारा आठवड्यांनी भोपाळच्या घरात वही उघडली. जिना अधिक एक : आजी कठडा धरून एकट्या उतरल्या होत्या. आंघोळ उणे एक : पाठीला हात पोहोचत नाही, सून अजून लागते, बसही अधूनमधून चुकते. भाकरीच्या पानावर बाईंनी आणि सुनेने वेगवेगळे लिहिले, दोघींचा आकडा शून्य आला. पीठ दोन्ही हातांनी मळले होते. समाधानाचा आकडा विचारला तेव्हा आजींनी दहापैकी तीन दिले. "मळून काय, कोणीही मळतं," त्या म्हणाल्या.

बाईंनी तोही आकडा लिहून घेतला. मग पान उलटून नवीन पाच पायऱ्या मांडल्या. या वेळी शून्याच्या पायरीवर ‘एक भाकरी थापता येते’ असे लिहिले आणि खाली कंसात आजींच्या सांगण्यावरून सुनेने भर घातली, ‘कडा फाटल्या तर धरायची नाही’. पुढची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने टाकली. ती रविवारी येत होती, म्हणून शनिवार केला.